जवळ्यावर पाय न टेकता

पालघरच्या शोरूममधल्या विक्रेत्याने माझ्या तोंडाकडे एकदाच बघितलं. गाडी कुणाला हवी आहे असं त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं आणि उत्तर मी दिलं, तेवढ्यापुरतं. त्यानंतर त्याची नजर जी माझ्या चपलांवर गेली ती तिथेच राहिली. मी कुठल्याही मोटरसायकलवर बसले की तो खाली वाकून बघायचा आणि मान हलवायचा. टाच वर राहिली की मान जोरात हलायची, टाच जरा खाली आली की जरा हळू. सहाव्या गाडीवर माझे दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले तेव्हा त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. नवराही खूश झाला. त्या दोघांनी मिळून ती गाडी माझ्यासाठी निवडली, आणि मी, जिला घरात आणि कारखान्यात सगळे तिखट म्हणतात, गप्प बसले.

गप्प बसले कारण पायांचा तो विषय माझ्या जुन्या ओळखीचा होता. माझी उंची चार फूट दहा इंच. सफाळ्याजवळच्या आमच्या गावात वडिलांकडे मोटरसायकल होती. एका वर्षी भात कापून झाल्यावर रिकाम्या शेतात त्यांनी ती माझ्या धाकट्या भावाला शिकवली. तो बारा वर्षांचा होता, मी चौदाची. मी बांधावर उभी राहून माझी पाळी कधी येते याची वाट बघत होते. संध्याकाळ झाली, भाऊ पडून-धडपडून गाडी चालवायला लागला, आणि वडील गाडी घराकडे ढकलत नेताना मला म्हणाले, "तुझे पाय पोचले की शिकवीन."

मी ते शब्द खरे धरले. पुढची दोन वर्षं दर महिन्याला गोठ्याच्या खांबाला पाठ लावून उभी राहायची आणि डोक्याशी खडूने रेघ ओढायची. शेवटच्या सात-आठ रेघा एकावर एक पडल्या आणि खांबावर खडूचा जाड पट्टा झाला. मग मी खडू टाकून दिला आणि अभ्यासाला लागले. आज बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. वडिलांचा राग धरला असं नाही म्हणता येणार, पण ते वाक्य मात्र अंगात काट्यासारखं राहिलं.

गाडी मला शेवटी नवऱ्याने शिकवली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तो घाटावरचा, इथल्या दुसऱ्या एका कारखान्यात फिटर आहे. रविवारी वसाहतीचे रस्ते मोकळे असतात, तिथे तो मागून सीट धरून पळायचा. त्याच्याच गाडीवर मी चांगली चालवायला लागले. नुसती रस्त्याने चालवत राहिले असते तर शोरूमपर्यंत जायची वेळच आली नसती. पण मला स्पर्धा दिसली.

आमच्याकडे थंडी सरता सरता कारखान्या-कारखान्यांमध्ये ही स्पर्धा होते. मोटरसायकल किती हळू आणि किती कमी जागेत फिरवता येते, ते त्यात बघतात. मैदानावर लाल-पांढरे शंकू मांडलेले असतात. त्यांच्यामधून नागमोडी जायचं, मग एका चौकटीत इंग्रजी आठचा आकडा काढायचा, मग जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून गाडी न्यायची. इथपर्यंत वेळ जितका कमी लागेल तितकं चांगलं. शेवटी चुन्याच्या दोन रेघांमधली अरुंद गल्ली असते, तिथे मात्र उलटं. जो जास्त वेळ लावेल तो पुढे. सगळ्या खेळात पाय जमिनीला लागला की दंड, आणि गाडी आडवी झाली की बाहेर. प्रत्येक कारखान्याचे तीन जण. आमच्या तिघांतला एक बदली होऊन गेला तेव्हा मी नाव दिलं, आणि दुसरं कुणी पुढे न आल्यामुळे ते घेतलंही गेलं.

शोरूममधली ती बुटकी, लांबट गाडी घेऊन मी मैदानात उतरले. नागमोडी शंकू कसेबसे पार झाले. आठच्या पहिल्या वळणावर मी हँडल पुरं फिरवलं आणि तेव्हा कळलं की त्या गाडीचं हँडल इतकं रुंद आहे की ते पुरं फिरलं की बाहेरच्या बाजूची मूठ माझ्या हातातून निसटते. पाय पोचत होते, हात पोचेनात. चाक पुढे लांब, गाडी वळायला बैलगाडीसारखी. मी जुन्या सवयीने पाय टेकला. गाडी आधीच कललेली, तिचं सगळं वजन त्या एका पायावर आलं आणि आम्ही दोघी आडव्या झालो. आजूबाजूच्या आठ-दहा कारखान्यांची माणसं बघत होती. लागलं फारसं नाही. पण कुणीतरी धावत येऊन म्हणालं, मॅडमचे पाय पोचत नाहीत ना, आणि मला तिथल्या तिथे रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

आमचे व्यवस्थापक सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि पुढच्या वर्षी माझ्या जागी स्टोअरकीपरला उतरवू म्हणाले. स्टोअरकीपर सहा फूट उंच, गाडी मोठी, आवाज त्याहून मोठा. मी म्हटलं, मला एक वर्ष द्या. पुन्हा पडले तर जागा त्याची, कायमची, आणि मी त्या मैदानाकडे फिरकणार नाही. त्यांनी कपातला चहा संपवला आणि हो म्हणाले. गाव लहान, बातम्यांना पाय फार. दोन दिवसांत सफाळ्याला वडिलांपर्यंत माझं पडणं पोचलं. त्यांनी फोन करून लागलं का विचारलं. हळद घालून दूध पी म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला फार झोंबलं.

पुढचे काही महिने मी चुकीच्याच वाटेने गेले. पाय आणखी चांगले पोचावेत म्हणून नवऱ्याने गाडीची सीट कापून आणखी खाली केली. चांभाराकडून मी बुटांना जाड तळ मारून घेतला. गाडी वळेना ती वळेनाच. मी चिडायची, नवरा चिडायचा, आणि गाडी दोघांच्या मध्ये मख्खासारखी उभी असायची.

दिवाळी झाल्यावर मी चिंचणीला गेले ती जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी, आणायला. वडिलांना वर्षभर ताटात जवळ्याची चटणी लागते, आणि ती चिंचणीच्याच जवळ्याची. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून मी तो वर्षानुवर्षं घेते. त्या दिवशी त्यांच्याकडचा संपला होता. त्या म्हणाल्या, घरी ये, समोर वाळतोय तो घेऊन जा. म्हणून मी रविवारी सकाळी त्यांच्या खळ्यावर गेले.

मासळी वाळवायचं खळं मी त्याआधी लांबूनच बघितलं होतं. आत गेल्यावर पाऊल कुठे टाकावं कळेना. जमिनीवर जाळी पसरलेली, जाळ्यांवर गुलाबी-पांढरा जवळा हाताने सारखा केलेला, आणि दोन जाळ्यांच्या मध्ये जेमतेम हातभर वाट. त्या वाटेने समोरून एक मोटरसायकल येत होती. दोन्ही बाजूंना टोपल्या, मागे आणखी एक, आणि चालवणारा मावशींचा दीर, पन्नाशीचा, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गाडी माणसाच्या चालीने येत होती. शेवटाला आल्यावर त्याने हँडल पार टोकापर्यंत फिरवलं आणि दोन खाटा मावतील एवढ्या जागेत वळून गाडी परत त्याच वाटेने नेली. त्याचे दोन्ही पाय सगळा वेळ फूटरेस्टवर होते. अनवाणी पाय, बोटं जरा वर उचललेली.

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. आमच्या मैदानावर भारीभारी हातमोजे घालून येणाऱ्या एकालाही ते जमलं नसतं.

मावशींना विचारलं, हा पाय का टेकत नाही. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. पाय टेकायला जमीन आहेच कुठे, सगळीकडे जवळा. मग त्यांनी खळ्याचा नियम सांगितला. ज्याचा पाय जवळ्यावर पडेल, त्याने तो जवळा वाळेपर्यंत काठी घेऊन कावळे राखत बसायचं. घरचा असो, व्यापारी असो, पाहुणा असो, नियम सगळ्यांना एक. दीर आपल्या हळदीच्या दिवशीसुद्धा कावळे राखत बसला होता असं मावशी सांगतात. दीर ते साफ नाकारतो.

मी त्याची गाडी बघितली. शंभर सीसीची, जुनी, खाऱ्या हवेने खालून गंजलेली, आरसे नाहीत. सीट सपाट आणि उंच. तो म्हणाला, बसून बघ. मी चढले आणि पायांची नुसती बोटं वाळूला लागली, तीही एका वेळी एकाच बाजूची. तोंडातून आपोआप निघालं, पाय पोचत नाहीत.

मावशी खाली बसून जवळा उलटवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोचून काय करशील, पोरी? टेकाचं हाय का तुला?"

ज्या खेळात पाय टेकला की दंड, त्या खेळासाठी मी, माझा नवरा आणि तो शोरूमवाला, तिघे शहाणे मिळून पाय टेकणारी गाडी शोधत फिरलो होतो. मला आधी स्वतःचा राग आला, मग इतकं हसू आलं की मावशींनी मला पाणी प्यायला दिलं.

त्या दिवशी दिराने मला गाडीची परीक्षा कशी घ्यायची ते सांगितलं. त्याला ते परीक्षा वगैरे वाटत नव्हतं, तो आपल्या गाडीची तारीफ करत होता. हँडल दोन्हीकडे पार टोकाला गेलं पाहिजे आणि टोकाला गेल्यावरही दोन्ही मुठी हातात राहिल्या पाहिजेत. गाडी हलकी हवी. पहिल्या गिअरमध्ये रेस न देता, आपल्या आपण, बंद न पडता ती चालत राहिली पाहिजे. क्लच मऊ हवा, अर्धा सोडून कितीही वेळ धरता यावा. मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवायचा, मग गाडी दावणीला बांधलेल्या गाईसारखी ताणात राहते, डगमगत नाही. आणि शेवटी म्हणाला, "कावल्याकडं बग. जवल्याकडं बगलंस का जवल्यातच जाशील." खळ्याच्या टोकाला कुंपणावर कावळे बसलेलेच असतात. नजर तिथे ठेवायची, गाडी मागोमाग जाते.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की आपली गाडी विकायची. तो दुखावला. एवढ्या हौसेने निवडली होती, सीट त्याने स्वतः कापली होती. दोन दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या गाडीवर बसून हँडल टोकापर्यंत फिरवून बघितलं, मग माझ्या गाडीचं फिरवून बघितलं, माझा हात मापला, आणि चहा पिताना म्हणाला, चल, कुठे बघायच्या त्या बघू.

बोईसरला जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याचं आवार आहे. तिथे मी खिशात खडू घेऊन गेले. इतक्या वर्षांनी मी परत खडू हातात घेतला होता. प्रत्येक गाडीचं हँडल एका बाजूला पार वळवायचं, गाडी हाताने ढकलत गोल फिरवायची आणि पुढच्या चाकामागे खडूने रेघ ओढायची. अर्ध्या तासात आवारभर पांढरी वर्तुळं झाली. नवरा वाकून वाकून रेघा ओढत होता, मी गाड्या ढकलत होते, आणि व्यापारी कपाळाला हात लावून बघत होता. दिसायला देखण्या गाड्यांची वर्तुळं घराच्या अंगणाएवढी मोठी निघाली. सगळ्यांत लहान वर्तुळ पडलं ते कोपऱ्यातल्या एका मळकट शंभर सीसी गाडीचं. ती एका दूधवाल्याची होती. मागे दोन्हीकडे कॅन अडकवायचे लोखंडी आकडे तसेच होते.

मी तिच्यावर चढले. व्यापारी धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, ये मत लो. पैर नहीं पहुँचेगा."

"नहीं पहुँचना चाहिए," मी म्हटलं. आयुष्यात एखादंच वाक्य इतक्या थाटात बोलायला मिळतं.

मी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, रेसवरचा हात काढून घेतला. ती चालत राहिली. बिचारीने वर्षानुवर्षं दर दाराशी थांबत, माणसांच्या आणि कुत्र्यांच्या मधून वाट काढत दूध पोचवलं होतं. हळू चालणं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी आवाराला दोन फेऱ्या मारल्या, पाय वर ठेवून. थांबताना नवऱ्याने सवयीने हात पुढे केला, मी त्याला नको म्हटलं आणि कमरेतून एका बाजूला सरकून एकाच पायाची बोटं टेकून उतरले. तीच गाडी घेतली.

कारखान्यात माझी थट्टा झाली ती सांगायला नको. स्टोअरकीपर रोज सकाळी फाटकाशी विचारायचा, मॅडम, आज अर्धा लिटर जास्त मिळेल का. मी म्हणायचे, उद्यापासून पाणी घालून देते. मनातून मात्र मला धास्ती होती. जागा जाणार होती ती त्याच्याकडे, आणि तो वाईट चालवत नव्हता.

सराव मी खळ्यावर केला. मावशींनी एका अटीवर परवानगी दिली, की नियम मलाही लागू. पहिल्या रविवारी मी पाच मिनिटांत जवळ्यात पाय दिला. मावशींनी एक शब्द न बोलता काठी आणून हातात दिली. प्रयोगशाळेत ज्यांना माझ्या सहीशिवाय पान हलवता येत नाही, त्यांनी मला त्या दिवशी बघायला हवं होतं. डोक्यावर ओढणी, हातात काठी, आणि मी दुपार उतरेपर्यंत कावळ्यांना हाकलतेय. दुसऱ्या रविवारीही काठी. तिसऱ्या रविवारी मी शेवटच्या वळणापर्यंत पोचले आणि तिथे माझी नजर खाली जवळ्यावर गेली, लगेच पाय पडला. कावळे एव्हाना मला ओळखायला लागले होते, काठी उचलली तरी निवांत बसायचे.

घरी गेल्यावर नवऱ्याला माझ्या कपड्यांचा वास सहन होत नसे. घाटावरच्या माणसाला सुक्या मासळीची सवय नसते. तो नाकाला रुमाल लावून गाडीचा क्लच सारखा करून द्यायचा आणि रविवार आला की डबा भरून मला हसत निरोप द्यायचा. त्याने ते तक्रार न करता केलं, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे.

चौथ्या रविवारी मी खळ्याला सहा फेऱ्या मारल्या आणि पाय पडला नाही. सातव्या फेरीला दिराने मागे रिकाम्या टोपल्या अडकवल्या. दुधाच्या आकड्यांवर त्या बरोबर बसल्या. तरीही पडला नाही. मावशींनी काठी भिंतीला टेकवली आणि मला तळलेले बोंबील आणि भाकरी वाढली. मला इतकं सुख त्या आधी कधी झालं होतं असं आठवत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मैदानावर पोचले तर नवरा दिसेना. नाव पुकारायच्या थोडं आधी तो आला आणि त्याच्या मागून वडील उतरले. पहाटेच सफाळ्याला जाऊन हा त्यांना घेऊन आला होता, मला न सांगता. वडील पंचाहत्तरीचे आहेत. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, उंच, अजून ताठ. माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी सीटवर हात ठेवला, मग माझ्या पायांकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील. ते टोपी सारखी करत दोरीच्या मागे जाऊन उभे राहिले. पडले असते तर जागा गेली असती, ते एक वेळ चाललं असतं. त्यांच्यासमोर पडणं मला चालणार नव्हतं.

माझ्या आधी स्टोअरकीपर उतरला. या वर्षापुरता तो तिघांत होता, दुसऱ्या एकाच्या जागी. मोठ्या गाडीवर तो झपाट्याने शंकूंमधून गेला, आठच्या आकड्यात दोनदा पाय टेकला, शेवटच्या गल्लीत एकदा. तरी टाळ्या पडल्या. लांब पाय असले की टेकायची सवय सुटत नाही, हे मी तेव्हा मनाशी म्हटलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा उंच माणसाची कीव केली.

माझं नाव पुकारलं. मी चढले, बोटं टेकली, क्लच सोडला आणि पाय वर घेतले. त्यानंतर ते खाली आणायचे नव्हते.

नागमोडी शंकू गेले. आठच्या चौकटीत शिरताना गेल्या वर्षीची जागा आली, तीच जिथे मी आडवी झाले होते. हँडल टोकाला नेलं. दोन्ही मुठी हातात होत्या. मागच्या ब्रेकवर पायाचा अंगठा, क्लच अर्धा, आणि दूधवाल्याची गाडी एखाद्या दाराशी वळावं तशी वळली. दुसरं वर्तुळ. चौकटीची रेघ चाकापासून वीतभर लांब राहिली. फळीवर चाक चढलं, उतरलं. बाजूला माणसं काहीतरी ओरडत होती, मला ते कळत नव्हतं. समोर चुन्याची गल्ली आली.

गल्लीत नजर कुठे ठेवायची ते मी ठरवून आले नव्हते. खळ्यावर कावळे असायचे. मैदानात कावळा कुठून आणायचा. मी डोळे वर केले तर गल्लीच्या पलीकडे, दोरीच्या मागे, बरोबर मध्यावर वडिलांची पांढरी टोपी. ते पुढे सरकून उभे राहिले होते. मी त्या टोपीवर नजर लावली आणि गाडी जवळजवळ उभी केली. ती थरथरत, रांगत, एकेक वीत पुढे सरकत होती. वडिलांना मी त्या दिवशी कावळ्याच्या जागी धरलं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. घरात तेवढं तरी गुपित असू दे.

मध्येच कधीतरी मैदान गप्प झालं. माझ्या गाडीच्या इंजिनाची टकटक तेवढी ऐकू येत होती. मला मावशींचं खळं आठवलं, दोन्हीकडे वाळणारा जवळा, आणि पाय टेकायला जमीनच नाही. टोपी मोठी मोठी होत गेली. मग पुढचं चाक रेघेपलीकडे गेलं, आणि पंचांनी हात वर करून शून्य पाय असं सांगितलं. मैदानात जो गलका झाला त्यात सगळ्यांत मोठा आवाज स्टोअरकीपरचा होता. माणूस तसा दिलदार आहे.

निकाल लागला तेव्हा मी पहिली आले. शंकूंमध्ये माझ्यापेक्षा वेगाने गेलेले पुष्कळ होते, पण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाय टेकला होता, आणि गल्लीत माझ्याएवढा वेळ कुणालाच धरता आला नव्हता. व्यवस्थापक हात जोडत आले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी तुमची जागा तुमचीच. स्टोअरकीपरने बाजूला घेऊन विचारलं की सराव कुठे केलात. मी म्हटलं, चिंचणीला नेते, पण काठी धरायची तयारी ठेवा. त्याला काही कळलं नाही, तरी तो हो म्हणाला. नवरा गाडीच्या टाकीवरून हात फिरवत उभा होता आणि भेटेल त्याला वर्तुळांची गोष्ट सांगत होता, जणू खडूची कल्पना त्याचीच. मी सांगू दिली.

वडिलांना परत सफाळ्याला सोडायचं होतं. ते एसटीने जातो म्हणाले. मी गाडी त्यांच्यासमोर आणून उभी केली आणि बसा म्हटलं. त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं. भावाच्या मागे ते शंभरदा बसले असतील, माझ्या मागे एकदाही नाही. मग त्यांनी टोपी काढून, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली, नवऱ्याचं हेल्मेट घातलं आणि कॅनच्या आकड्यांना पाय न लागू देता सावकाश मागे बसले. गाडीला जवळ्याचा वास येत होता. तो त्यांना आवडतो.

बोईसर मागे पडलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आधी हलका, मग नेहमीसारखा जड. कोळगावला जिल्ह्याच्या कचेऱ्यांसमोर एक टेम्पो रस्त्यात आडवा होऊन मागे येत होता आणि सगळी रहदारी थांबली. मी ब्रेक दाबला आणि सवयीने एका बाजूला सरकायला लागले, बोटं टेकायला. दोघांचं वजन, गाडी उंच, मला तेवढं जड जाणारच होतं. पण गाडी कललीच नाही. जागच्या जागी खुंटीसारखी उभी राहिली. मी खाली बघितलं. दोन्ही बाजूंना डांबरावर वडिलांचे लांब पाय सपाट टेकलेले होते, धुवून पुसून घातलेल्या चपलांमध्ये.

"माजे पोचतात, बाय," ते मागून म्हणाले. "तू तुजे वरच ठेव."

मी पाय फूटरेस्टवर परत ठेवले. चौदाव्या वर्षी बांधावर उभी असताना जे ऐकायचं होतं ते असं कोळगावच्या रस्त्यावर, हॉर्नच्या गोंगाटात ऐकायला मिळालं, आणि हेल्मेटच्या आत मी पुन्हा रडले. या वेळी मला कुणी बघितलं असतं तरी चाललं असतं. टेम्पो बाजूला झाला, वडिलांनी पाय उचलले, आणि मी क्लच सोडला.